मोटरला जनरेटर करायचं तर चुंबकत्व कोण देणार?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गगनबावडा तालुक्यात तुमचं शेत आहे, डोंगरातून ओढा उतरतो आणि घरात 3 एचपीची जुनी थ्री फेज मोटर पडून आहे. तुमच्या इलेक्ट्रिशियननं सांगितलं की मोटर नेमप्लेटपेक्षा थोडी जोरात फिरवली की तिचा जनरेटर होतो. तुम्ही डिझेल इंजिनाला पट्टा लावून ती मिनिटाला 1550 फेऱ्यांच्या पुढं फिरवली, पण मीटरवर दोन-अडीच व्होल्टच्या वर काही आलं नाही. कॉलेजात मात्र शिकवलंय की पवनचक्कीत इंडक्शन जनरेटर (म्हणजे अशाच मोटरचा केलेला जनरेटर) असतो, विमानासाठीही त्याचा विचार होतो. मग तिथं जमतं ते इथं का नाही, असं तुम्ही विचारलंय.

कोल्हापुरात उद्यमनगरात तीस वर्षांहून जास्त काळ माझं रिवाइंडिंगचं काम चालू आहे. उपसा योजनांच्या मोटरी, फाउंड्रीतल्या क्रेनच्या स्लिपरिंग मोटरी, गुऱ्हाळाच्या मोटरी, सगळं हाताखालून गेलंय. ओढ्यावरची अशी काही मशीन मी स्वतः बसवली आहेत, काही दुसऱ्यांनी बसवलेली दुरुस्त केली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो. तुमच्या इलेक्ट्रिशियननं सांगितलं ते खोटं नाही, अर्धं आहे.

आधी ते अर्धं खरं. चार पोलची (चार चुंबकीय ध्रुवांची) मोटर 50 हर्ट्झवर चालवली की तिच्या आतलं फिरतं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 1500 फेरे घेतं. रोटर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, त्याच्या थोडा मागं राहतो, म्हणून नेमप्लेटवर 1430 किंवा 1440 लिहिलेलं असतं. ही मागं राहण्याची रक्कम म्हणजे स्लिप. रोटर क्षेत्राच्या मागं राहिला की मशीन वीज घेतं आणि ताकद देतं. बाहेरून ढकलून रोटर क्षेत्राच्या पुढं नेला की ताकद घेतं आणि वीज देतं. मोटर म्हणून 70 फेरे मागं राहणारं मशीन जनरेटर म्हणून पूर्ण लोडला साधारण 70 फेरे पुढं, म्हणजे 1570 च्या आसपास लागतं. इथपर्यंत तुमचा प्रयोग बरोबर होता.

पण रोटर पुढं गेला तो कुणाच्या पुढं? फिरतं क्षेत्र असेल तर त्याच्या पुढं. तुमच्या प्रयोगात क्षेत्रच नव्हतं. इंडक्शन मोटरच्या रोटरमध्ये मॅग्नेट नसतो, बाहेरून डीसी द्यायची वाइंडिंगही (तारांची गुंडाळी) नसते, नुसता ॲल्युमिनियमचा पिंजरा असतो. ती मोटर म्हणून चालते तेव्हा लोखंडात चुंबकत्व उभं करायला लागणारा करंट लाइनमधून घेते. मोटर रिकामी चालवून क्लॅम्पमीटर लावून बघा, काही काम करत नसतानाही 3 एचपीची मोटर दोन-अडीच अँपिअर खाते. त्यातला बहुतेक सगळा करंट चुंबकत्वासाठी असतो. या करंटबरोबर जी पॉवर नुसती ये-जा करते, तिलाच रिॲक्टिव्ह पॉवर म्हणतात. मशीन जनरेटर झालं म्हणून ही गरज संपत नाही. खरी वीज ते बाहेर देतं, पण रिॲक्टिव्ह पॉवर बाहेरूनच मागत राहतं.

म्हणून ओढा असो, पवनचक्की असो की विमान, इंडक्शन जनरेटरच्या बाबतीत मी पहिला प्रश्न हाच विचारतो: चुंबकत्व कोण देणार? वेग किती, पोल किती, वाइंडिंग कसलं, हे सगळं त्याच्या नंतर येतं.

तुमच्या मीटरवर आलेले दोन-अडीच व्होल्ट मात्र फुकट गेलेले नाहीत. जुन्या लोखंडात थोडं चुंबकत्व उरलेलं असतं, हे व्होल्ट त्याचे. मी माझ्याकडच्या पोरांना सांगतो की ते विरजण आहे. आता दूध पाहिजे, आणि ते काम कंडेन्सर करतो. मशीनच्या टर्मिनलवर योग्य मायक्रोफॅरडचे कंडेन्सर लावले की त्या दोन व्होल्टनं थोडा करंट कंडेन्सरमधून वाहतो. हा करंट अशा वेळेला येतो की तो लोखंडाचं चुंबकत्व वाढवतो. चुंबकत्व वाढलं की व्होल्टेज वाढतं, व्होल्टेज वाढलं की करंट आणखी वाढतो. काही सेकंदांत मशीन 230 पर्यंत चढतं. कंडेन्सर लावून इंडक्शन मशीन असं स्वतःच्या पायावर उभं करता येतं, हे बॅसेट आणि पॉटर यांनी 1935 मध्येच मांडलं होतं, त्यामुळं हा जुगाड समजू नका.

मग व्होल्टेज वाढतच का राहत नाही? कारण लोखंड भरतं. एका मर्यादेनंतर करंट वाढवला तरी चुंबकत्व फारसं वाढत नाही, आणि तिथं व्होल्टेज स्थिर होतं. नेमकं कुठं स्थिर होणार ते कंडेन्सर किती आणि वेग किती यावर ठरतं. कंडेन्सर कमी पडला तर मशीन चढतच नाही, दोन व्होल्टवरच बसून राहतं. विरजणच गेलं असेल, म्हणजे मोटर खोलून पुन्हा बांधली असेल किंवा मागच्या वेळी जनरेटर लोडसकट बंद पडला असेल, तर बंद मशीनच्या एका वाइंडिंगला 12 व्होल्टची बॅटरी क्षणभर लावायची. तेवढं पुरतं. हे करताना कंडेन्सर काढून ठेवा.

आता तुमच्या मोटरचा हिशोब. इथून पुढं बरंच काही तुमच्या नेमप्लेटवर आणि ओढ्यावर अवलंबून आहे. मी नमुन्याचे आकडे देतो, तुम्ही तुमचे घाला.

आपल्याकडं 3 एचपीपर्यंतच्या मोटरी बहुधा 415 व्होल्टला स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र) जोडलेल्या असतात. 5 एचपी आणि पुढच्या डेल्टात (एकाचं टोक पुढच्याला, असा त्रिकोण) येतात. तुमच्या दृष्टीनं ही सोयीची गोष्ट आहे. स्टारची मोटर डेल्टात जोडली की ती 240 व्होल्टचं मशीन होते, आणि घरातले दिवे, मिक्सर, टीव्ही सगळं 230 वरच चालतं. फक्त टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं बाहेर काढलेली पाहिजेत. तीनच असतील तर मोटर उघडून आतला स्टार शोधून सोडवावा लागेल. चांगला वायंडर हे काम अर्ध्या दिवसात करतो. 5 एचपीची डेल्टा मोटर असती तर 240 साठी नव्यानं वाइंडिंग करावं लागलं असतं. जुनी मोटर जळालेलीच असेल आणि वाइंडिंग होणारच असेल, तर तेव्हाच वायंडरला सांगून ते वाइंडिंग जनरेटरला पाहिजे तसं बसवून घ्यावं.

समजा रिकाम्या मोटरचा करंट स्टारमध्ये 2.4 अँपिअर आला. डेल्टात 240 व्होल्टला प्रत्येक वाइंडिंगमधून तेवढाच करंट जाणार. 2.4 ला 314 (50 हर्ट्झसाठी 2π गुणिले 50) आणि 240 नी भागलं की साधारण 32 मायक्रोफॅरड येतात. हा एका वाइंडिंगसाठीचा कंडेन्सर, आणि हा हिशोब रिकाम्या मशीनचा. लोड आलं की रिॲक्टिव्ह पॉवरची गरज वाढते. म्हणून शेवटचा आकडा लोड लावून, थोडं थोडं वाढवत ठरवायचा. मी नेहमी 5 आणि 10 मायक्रोफॅरडचे सुटे कंडेन्सर सोबत नेतो.

घरात थ्री फेज लोड नसतं, सगळं सिंगल फेज. ते एकाच वाइंडिंगवर टाकलं तर मशीन असमतोल होऊन तापतं. त्यासाठी एक चांगली जोडणी आहे. ज्या वाइंडिंगवर लोड, त्याच्यावर एक हिस्सा कंडेन्सर लावायचा, शेजारच्या वाइंडिंगवर दोन हिस्से, तिसऱ्यावर काहीच नाही. म्हणजे वरच्या उदाहरणात 32 आणि 64 मायक्रोफॅरड. अशा जोडणीत मोटरच्या क्षमतेच्या 80 टक्क्यांपर्यंत सिंगल फेज वीज मिळते, म्हणजे 2.2 किलोवॉटच्या मोटरकडून पावणेदोन किलोवॉटची आशा धरा. दोन हिस्से कोणत्या शेजाऱ्यावर लावायचे हे मशीन कुठल्या दिशेनं फिरतं त्यावर ठरतं. चुकलं तरी व्होल्टेज येतं, त्यामुळं चूक लगेच कळत नाही. पण एका वाइंडिंगमधून भलताच करंट वाहतो आणि काही तासांत वार्निशचा वास येतो. म्हणून लोड लावल्यावर तिन्ही वाइंडिंगचे करंट क्लॅम्पमीटरनं मोजा. फार फरक दिसला तर दोन हिश्शांचा कंडेन्सर दुसऱ्या वाइंडिंगवर हलवा.

कंडेन्सरच्या दर्जावर कृपा करून पैसे वाचवू नका. पंखा आणि मोटर सतत चालवायला असतात ते 440 व्होल्ट एसीचे कंडेन्सर घ्या. सिंगल फेज मोटर सुरू करायचे काळे गोल स्टार्टिंग कंडेन्सर असतात, 100-120 मायक्रोफॅरडचे, ते स्वस्त आणि आकड्यानं मोठे म्हणून लोक लावतात. ते काही सेकंदांच्या कामासाठी बनवलेले असतात. सतत लावले तर काही मिनिटांत तापून फुटतात, आणि फुटताना समोर माणूस असू शकतो. प्रत्येक कंडेन्सरवर चार्ज उतरवणारा रेझिस्टर पाहिजेच.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: तुमचं मशीन चांगलं आहे, त्यात विरजण आहे, कंडेन्सर नव्हते म्हणून ते चढलं नाही. ते लावले की व्होल्टेज येईल. पण व्होल्टेज येणं वेगळं आणि घर चालणं वेगळं. त्याच्याबद्दल आता सांगतो.

ओढ्यावरच्या मशीनला वेग धरून ठेवणारं कुणी नसतं. पाणी तेवढंच येत असतं. घरातला हीटर बंद केला की तेवढी ताकद रिकामी होते, मशीन पळायला लागतं, आणि वेग वाढला की व्होल्टेज झपाट्यानं वाढतं. मीटर बघेपर्यंत सगळे दिवे गेलेले असतात. उलट लोड जास्त टाकलं, एखादी पाण्याची मोटर सुरू केली, तर व्होल्टेज कोसळून शून्य होतं. हा दुसरा गुण काही वेळा उपयोगाचा ठरतो. लाइनमध्ये शॉर्ट झाला तर चुंबकत्वच मावळतं, वायर जळत राहत नाही. पण पंप, पिठाची गिरणी, वेल्डिंग असल्या गोष्टी यावर चालवायच्या मनात आणू नका.

यावर उपाय म्हणजे मशीनवर लोड कायम सारखं ठेवायचं. त्यासाठी कंट्रोलर मिळतो. तो व्होल्टेज बघतो आणि घरात न वापरलेली वीज आपोआप एका हीटरमध्ये ढकलतो. तो हीटर पाण्याच्या टाकीत बुडवा, गगनबावड्याच्या पावसाळ्यात गरम पाणी वाया जाणार नाही. घरात दिवे चालू असोत की बंद, मशीनला मात्र लोड बदललेलं कळत नाही. कंट्रोलरशिवाय अशी योजना कायमची चालवायला मी कुणालाच सांगत नाही. अगदीच सुरुवातीला करून बघायचं असेल तर एक ठरावीक लोड लावून ठेवा आणि त्याच्या बटणाला कुणी हात लावणार नाही असं बघा.

आणखी एक. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) बसवताना तो मशीन आणि कंडेन्सर यांच्या मध्ये बसवा. लोड आणि कंडेन्सर दोन्ही एमसीबीच्या पलीकडच्या बाजूला. म्हणजे तो पडला की मशीनचं चुंबकत्वच जातं. रोटर पाण्याच्या जोरावर पळत राहील, पण वीज नसेल. एमसीबी घराच्या बाजूला बसवला तर तो पडल्यावर मशीन लोडशिवाय, कंडेन्सरसकट पळतं, आणि मी पाहिलेल्या बहुतेक दुर्घटना तिथंच झाल्या आहेत.

कंडेन्सरच्या धोक्याबद्दल इतकं तळमळीनं का सांगतो, त्याला कारण आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी भोगावती काठच्या एका उपसा योजनेवर मोटरच्या दुरुस्तीला गेलो होतो. पंप चालू असताना लाइन गेली. फूटव्हॉल्व्ह (पाणी परत जाऊ न देणारी झडप) नीट बसत नव्हता, त्यामुळं वरच्या पाइपातलं पाणी परत उतरू लागलं आणि पंप उलटा फिरू लागला. लाइन गेलीच आहे म्हणून वायरमन मोटरच्या टर्मिनलकडं निघाला. मोटरचा आवाज मला खटकला, नुसत्या फिरण्याचा तो नव्हता, आतून हुंकार येत होता. मी त्याचा हात धरला आणि मीटर लावला. टर्मिनलवर 300 व्होल्टच्या वर आकडा होता. स्टार्टर पडलेला होता, पण मोटरची रिॲक्टिव्ह पॉवर भागवणारा पॉवर फॅक्टरचा कंडेन्सर स्टार्टरच्या मोटरकडच्या बाजूला बसवलेला होता. पाण्यानं पंपाचा टर्बाइन केला होता, कंडेन्सरनं मोटरचा जनरेटर. रिकाम्या मोटरला लागणाऱ्या रिॲक्टिव्ह पॉवरच्या 90 टक्क्यांच्या वर तिच्या टर्मिनलवर कंडेन्सर लावू नये, असा नियम आहे तो याचसाठी. पण नियम पाळला तरी उलट फिरताना वेग नेहमीपेक्षा वाढला तर धोका उरतोच, कारण वेग जास्त असेल तर कमी कंडेन्सरवरही मशीन चढतं. नदीकाठी उपसा पंपावर काम करणाऱ्या प्रत्येकानं हे ध्यानात ठेवावं. फिरत असलेल्या मोटरला, लाइन असो वा नसो, हात लावायचा नाही.

पण त्या दिवशी मला हेही कळलं की ओढ्यावर वीज करायला महागडा टर्बाइन लागतोच असं नाही. साधा सेंट्रिफ्युगल पंप डिलिव्हरीच्या बाजूनं पाणी सोडून उलटा फिरवला की टर्बाइनचं काम करतो. आपल्या भागात पंप मिळतो, त्याचे सुटे भाग मिळतात, दुरुस्त करणारा माणूस गावात असतो. तुमच्यासाठी मी हाच मार्ग सुचवेन. फक्त दोन गोष्टी सांभाळा. पंप टर्बाइन म्हणून चालतो तेव्हा त्याला पंप म्हणून असलेल्या हेडपेक्षा (हेड म्हणजे पाण्याची उंची) आणि प्रवाहापेक्षा जास्त हेड आणि प्रवाह लागतो. किती जास्त हे पंपाच्या कार्यक्षमतेवर असतं, पण हेडला दीडपट धरून निवड सुरू करा. दुसरं, पंपाला पाणी कमी-जास्त करायची पाती नसतात. प्रवाह अर्धा झाला तर वीज अर्धी होत नाही, जवळजवळ संपते.

आता ओढ्याकडं या. समजा उतार 20 मीटर आहे आणि पाणी सेकंदाला 15 लिटर. 9.81 गुणिले 0.015 गुणिले 20, म्हणजे पाण्यात 2.9 किलोवॉट आहेत. पंप आणि मोटर मिळून निम्मं हाती लागलं तरी दीड किलोवॉटच्या जवळ जातं. तुमच्या मोटरला ते बरोबर बसतं. पण पाइप कोणता घालता यावर सगळं आहे. 60 मीटर लांबीला चार इंची पाइप घातला तर घर्षणात दोन-सव्वादोन मीटर हेड जाईल, ते चालेल. पैसे वाचवायला तीन इंची घातला तर तेवढ्याच पाण्याला नऊ-दहा मीटर जाईल, म्हणजे निम्मा डोंगर पाइपातच संपला. लोक मोटरवर, कंट्रोलरवर विचार करतात आणि पाइप उरलेल्या पैशांत घेतात. मी उलटं सांगतो: आधी पाइप ठरवा.

ओढा बारमाही आहे का हे तुम्ही लिहिलेलं नाही. गगनबावड्याचा पाऊस बघता जून ते ऑक्टोबर पाण्याला तोटा नाही, पण फेब्रुवारीनंतर सेकंदाला दोन लिटर उरत असेल तर त्यात पाण्याचीच ताकद 400 वॉट, हाती येणार 200 च्या आत, आणि वर सांगितलं तसं हा पंप तेवढ्यावर चालणारही नाही. अशा वेळी पावसाळ्यात ओढा आणि उन्हाळ्यात सौर पॅनेल ही जोडी बरी. ढग असतात तेव्हा पाणी असतं, पाणी नसतं तेव्हा ऊन. आणि गरज फक्त चार दिव्यांची, दोन-तीनशे वॉटची असेल तर इंडक्शन मोटरच्या मागं लागू नका. मॅग्नेटचा छोटा अल्टरनेटर आणि बॅटरी घ्या. त्याला चुंबकत्व मागावं लागत नाही.

महावितरणच्या लाइनला हे मशीन स्वतःच्या मनानं जोडायचं नाही. लाइनला जोडलं तर कंडेन्सर, कंट्रोलर काही लागत नाही हे खरं, कारण चुंबकत्व आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही लाइनच देते. पण लाइन बंद असताना तुमचं मशीन ती जिवंत ठेवू शकतं, आणि खांबावर कुणीतरी चढलेलं असतं. भोगावतीकाठी जे एका टर्मिनलवर झालं ते इथं गावभर होईल. परवानगी आणि संरक्षण यंत्रणा याशिवाय नाहीच.

यावरून तुमचा पवनचक्कीचा प्रश्न सुटतो. साताऱ्याकडं चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर गेलात तर जुन्या पिढीच्या चक्क्या दिसतील. पाती सावकाश फिरतात, गिअरबॉक्स तो वेग वाढवून 1500 च्या आसपास नेतो आणि मागं इंडक्शन जनरेटर थेट लाइनला. डेन्मार्कमध्ये योहानेस यूल यांनी 1957 साली गेडसर इथं 200 किलोवॉटची चक्की उभारली, तीही अशीच होती, आणि पुढं कित्येक दशकं चक्क्या त्याच वाटेनं बनत राहिल्या. लाइनची फ्रिक्वेन्सी पक्की असल्यामुळं वारा वाढला तरी वेग फार पळत नाही, स्लिप थोडी वाढते आणि वीज वाढते. साधं, दणकट यंत्र. लोक विचारतात की वारा एवढा असताना लाइन गेली की चक्की का थांबते? लाइन गेली म्हणजे चुंबकत्व देणारा गेला, फ्रिक्वेन्सी धरणारा गेला. मग ब्रेक लावून थांबवावीच लागते. आणि लाइन चालू असताना ती जी रिॲक्टिव्ह पॉवर ओढते तिचा ताण लाइनवर पडतो. म्हणून तिथंही कंडेन्सरच्या बँका लावतात. तुमच्या 32 मायक्रोफॅरडचंच ते मोठं रूप.

नंतरच्या चक्क्यांत स्लिपरिंगचं मशीन आलं, म्हणजे रोटरलाही वाइंडिंग आणि त्याची टोकं फिरत्या कड्यांवरून बाहेर काढलेली. शिरोलीच्या फाउंड्रीत क्रेनच्या मोटरला रेझिस्टन्स बॉक्स असतो, तो पाहिला असेल तर हे लगेच कळेल. क्रेनमध्ये रोटरची वीज स्लिपरिंगमधून बाहेर काढून रेझिस्टन्समध्ये जाळतात. मोठ्या चक्कीत ती न जाळता कन्व्हर्टरमधून (फ्रिक्वेन्सी बदलून देणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) लाइनला देतात, किंवा गरजेप्रमाणं लाइनकडून रोटरला देतात. रोटरमध्ये पाहिजे त्या फ्रिक्वेन्सीचा करंट घातला की चक्की 1500 च्या खाली-वर 30 टक्क्यांपर्यंत फिरली तरी बाहेर 50 हर्ट्झच जातात. यातली गंमत अशी की कन्व्हर्टर पूर्ण क्षमतेचा लागत नाही, एकूण क्षमतेच्या पाव ते 30 टक्क्यांचा पुरतो, कारण रोटरमधून फक्त स्लिपच्या प्रमाणात वीज जाते. आणि चुंबकत्वाचा करंट तोच कन्व्हर्टर रोटरमधून देतो, लाइनकडं मागावा लागत नाही. रिवाइंडिंगवाल्याच्या नजरेनं तक्रार एकच: स्लिपरिंग आली की कार्बन ब्रश आले, ब्रशची भुकटी आली, आणि मनोऱ्यावर चढून ती साफ करणं आलं.

विमानाच्या बाबतीत मात्र तुमच्या मनात थोडी गल्लत झाली आहे. प्रवासी विमानांच्या इंजिनवर मुख्य जनरेटर म्हणून सहसा इंडक्शन मशीन नसतं, सिंक्रोनस असतं, म्हणजे रोटरला डीसी देऊन चुंबक केलेलं. त्याच शाफ्टवर एक छोटा मॅग्नेटचा जनरेटर, मग मुख्य मशीनला चुंबकत्व देणारा एक्सायटर, मग मुख्य मशीन अशी तीन टप्प्यांची, ब्रश नसलेली रचना असते. विमानात 115/200 व्होल्ट, 400 हर्ट्झ ही जुनी पद्धत. फ्रिक्वेन्सी जास्त ठेवली की मशीनचं आणि ट्रान्सफॉर्मरचं लोखंड कमी लागतं, वजन वाचतं. चार पोलच्या मशीनला 400 हर्ट्झसाठी 12,000 फेरे लागतात, आणि इंजिनचा वेग तर बदलत असतो. म्हणून मध्ये वेग स्थिर ठेवणारा हायड्रॉलिक ड्राइव्ह असतो. अलीकडं तो काढून फ्रिक्वेन्सी मोकळी सोडतात. बोइंग 787 मध्ये प्रत्येक इंजिनवर 250 केव्हीएचे दोन स्टार्टर-जनरेटर आहेत आणि फ्रिक्वेन्सी 360 ते 800 हर्ट्झमध्ये फिरते. आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरणारं एटीआर-72 बघा. त्याच्या प्रोपेलरच्या गिअरबॉक्सवर एसी जनरेटर असतो, त्याची फ्रिक्वेन्सी ठरावीक नसते. त्यावर प्रोपेलरचा बर्फ वितळवणारे हीटर आणि काचा गरम करणारे हीटर चालतात. हीटर फ्रिक्वेन्सी विचारत नाही. तुमच्या टाकीतल्या हीटरलाही नेमकं म्हणूनच निवडलंय.

मग विमानात इंडक्शन जनरेटरचा अभ्यास का होतो? कारण पिंजऱ्याचा रोटर उष्णता आणि प्रचंड वेग दोन्ही सोसतो, आणि चुंबकत्व काढून घेता येतं. मॅग्नेटच्या मशीनच्या वाइंडिंगमध्ये शॉर्ट झाला तर इंजिन फिरतंय तोवर मॅग्नेट त्या शॉर्टला वीज पुरवत राहतो, आकाशात इंजिन थांबवणं सोपं नाही. इंडक्शन मशीनचं चुंबकत्व तोडलं की ते मुकाट फिरत राहतं. अडचण पुन्हा तीच: चुंबकत्व द्यायला, आणि इंजिनचा वेग दुप्पट-अर्धा होत असताना व्होल्टेज धरायला, कंडेन्सर पुरत नाहीत. पूर्ण क्षमतेचा कन्व्हर्टर लागतो, त्याचं वजन आणि उष्णता आली. शिवाय स्टेटर (बाहेरचा स्थिर भाग) आणि रोटरमधली फट फार बारीक ठेवावी लागते, ती वाढली की चुंबकत्वाचा करंट वाढतो. सिंक्रोनस मशीनच्या एक्सायटरला थोडा करंट कमी-जास्त केला की व्होल्टेज धरायचं हेच काम होतं. आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या सहवीज प्रकल्पातही बगॅसच्या वाफेवर सिंक्रोनस अल्टरनेटर असतो तो त्यासाठीच. लाइन गेली तरी त्याला स्वतःचा कारखाना चालवता येतो.

आता तुमच्याकडून मला चार गोष्टी पाहिजेत, मग नेमका सल्ला देता येईल. एक, नेमप्लेटचा फोटो आणि टर्मिनल बॉक्समध्ये तीन टोकं आहेत की सहा. दोन, मोटर लाइनवर रिकामी चालवून तिन्ही फेजचा करंट. तीन, ओढ्याचा उतार. पारदर्शक नळीत पाणी भरून टप्प्याटप्प्यानं मोजा, डोळ्यानं अंदाज करू नका, डोंगर नेहमी असतो त्यापेक्षा उंच वाटतो. चार, प्रवाह: 200 लिटरचं बॅरल ठेवून ते किती सेकंदांत भरतं ते बघा. 13 सेकंदांत भरलं तर सेकंदाला 15 लिटर आहेत. एकदा आत्ता मोजा आणि एकदा मार्चमध्ये. आणि वरच्या-खालच्या शेतकऱ्यांशी पाण्याबद्दल आधीच बोलून घ्या, पाइप घातल्यावर नको. मार्चचा आकडा हाती आला की पंपाचं मॉडेल आणि कंडेन्सरचे आकडे मी काढून देईन.